चढाला मान

देश आणि कोकण यांनी एकमेकांच्या भानगडीत पडू नये, अशी सह्याद्रीची पहिल्यापासूनची इच्छा होती. म्हणून तर त्याने मधे एवढी सरळसोट भिंत उभी केली. वर कड्याशी उभं राहिलं की कोकण हाकेच्या अंतरावर दिसतं आणि उतरून जायला तास मोडतो, यात काहीतरी हेतू असणारच. वरच्यांनी भाकरी खावी, खालच्यांनी भात खावा आणि आपापल्या जागी सुखाने नांदावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण वरच्यांना मासे हवेत, खालच्यांना कांदे हवेत, आणि दोघांकडेही लग्नाच्या मुली आहेत. त्यातून घाट निघाले.

मी अशाच एका घाटातून सासरी आले. माहेर कराडचं, सासर चिपळूणचं, मधे कुंभार्ली. माहेरी जायचं म्हणजे चढ आणि सासरी यायचं म्हणजे उतार, हा आमच्याकडे भूगोल आहे, टोमणा नाही. आता उतार जास्त धोक्याचा असतो हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल, त्याला माझा इलाज नाही. पोटापाण्यासाठी आम्ही राहतो ठाण्यात. म्हणजे ठाण्याहून चिपळूणला जाताना कशेडी आणि परशुराम, चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली, आणि कराडहून परत येताना बोरघाट. सणासुदीला हा त्रिकोण पुरा झाला की गाडीची क्लचप्लेट आणि घरातली माणसं सारख्याच प्रमाणात झिजलेली असतात.

गाडी मी चालवते. नवरा चालवत नाही, कारण शेजारी त्याचे वडील बसतात. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यांची सगळी हयात कुंभार्ली चढण्या-उतरण्यात गेली. ते शेजारी बसून सल्ला देत नाहीत, ओरडत नाहीत, की ‘अगं अगं अगं’ करत दाराला धरत नाहीत. गिअर बदलायची वेळ झाली की फक्त त्यांचा डावा पाय हलतो. तिथे क्लच नाही हे त्यांना माहीत आहे, पायाला माहीत नाही. मुलाला हा पाय सहन होत नाही. मला चालतो, कारण न बोलता दिलेले हुकूम ओळखायचं शिक्षण सुनांना लग्नानंतर पहिल्या वर्षातच मिळतं.

अण्णांच्या वेळच्या गाड्यांना घाटात खालचा गिअर टाकणं म्हणजे एक अनुष्ठान होतं. क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरवर पाय देऊन इंजिन घुमवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग दांडा खाली ओढा. याला डबल क्लच म्हणायचे. यात एक पायरी चुकली की गिअर पडायचा नाही, नुसता करकरायचा, आणि साठ माणसं, दोन कोंबड्या व टपावरच्या फणसांसह गाडी अधांतरी. त्यामुळे अण्णा पुढच्या वळणाचा गिअर मागच्या वळणावरच ठरवून ठेवायचे. अजूनही ठेवतात. आम्ही पोफळीच्या सपाटीला असतो तेव्हा ते मनाने तिसऱ्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये असतात. संसारातही ते असेच दोन वळणं पुढे असायचे असं सासूबाई सांगतात. मात्र त्यांचा सूर कौतुकाचा नसतो.

घाटातल्या ड्रायव्हिंगचं सगळं शास्त्र अण्णांच्या मते एका वाक्यात बसतं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हे वाक्य त्यांनी ज्याला सर्वांत जास्त वेळा ऐकवलं आणि ज्याच्यावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही, तो म्हणजे नवऱ्याचा आतेभाऊ. तो हिशेबी माणूस आहे. घाटमाथा आला की तो गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो आणि पुढचा अर्धा तास ‘फुकटात चाललोय’ असा चेहरा करून बसतो. एका घाटात दोघांच्या चहाचं पेट्रोल वाचतं, असा त्याचा दावा आहे.

गंमत अशी की ते वाचत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि आजकालच्या गाड्या तेवढ्या वेळापुरतं इंधन तोडूनच टाकतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, त्यासाठी ते इमानेइतबारे पेट्रोल पीत राहतं. म्हणजे पैसे देऊन काटकसर. वर, इंजिनाने गाडीला धरून ठेवायचं जे काम फुकट केलं असतं ते सगळं ब्रेकच्या अंगावर येतं. ब्रेक तापतात, लायनरचा करपल्यासारखा वास सुटतो, आणि मग एका वळणावर पाय तळाला जातो पण गाडी थांबायचं मनावर घेत नाही. आतेभावाची गाडी लहान आहे, नशीब मोठं आहे, म्हणून भागतं. पण हीच काटकसर माल भरलेल्या ट्रकने बोरघाटात केली, किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना केली, की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर येते. त्या बातमीत डिझेलचा उल्लेख नसतो. ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असं लिहिलेलं असतं. अण्णा पेपर घडी करून ठेवतात आणि म्हणतात, “ब्रेक नाय हो निकामी. ब्रेक बिचारा दमला.”

घाटाचा दुसरा नियम कायद्यातच आहे. रस्ता दोन गाड्यांना पुरत नसेल तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. १९८९ च्या नियमावलीत तो होता, २०१७ च्या नव्या नियमावलीतही आहे. चढाला मान. कारण साधं आहे: भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना ड्रायव्हरच्या तोंडाला फेस येतो. क्लच जळतो, गाडी वीतभर मागे सरकते, क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो. उतरणाऱ्याला थांबायला फक्त मनाचा मोठेपणा लागतो. आणि नेमका तोच घाटात मिळत नाही. कायदा करणाऱ्यांनी रस्त्याचा चढ लक्षात घेतला, माणसांचा घेतला नाही. पांढरी मोठी गाडी, काळ्या काचा, नंबरप्लेटवर दादा-भाऊ-साहेब यांपैकी काहीतरी वाचता येईल असे आकडे, असा माणूस उतारावरून येत असला तरी स्वतःच्या हिशेबाने तो कायम चढावरच असतो. तो थांबत नाही. तो डिपर देतो. डिपर म्हणजे ‘तुम्ही आधी या’ असं अण्णांच्या पिढीला वाटतं, आणि ‘मी आधी येतोय’ असं साहेबांच्या पिढीला. या मतभेदातून अर्ध्या महाराष्ट्राचे साइड मिरर तुटलेले आहेत.

इंडिकेटरचंही तेच. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे ‘या, पुढे मोकळं आहे’, किंवा ‘येऊ नका, समोरून गाडी आहे’, किंवा ‘मी उजवीकडे वळतोय’, किंवा ‘तो मागल्या घाटापासून चालूच राहिलाय.’ चारांतलं कोणतं ते कळायला वळण ओलांडावं लागतं. त्यापेक्षा क्लीनरचा हात बरा होता. आता तो दुर्मीळ झाला, पण कुंभार्लीत अजून अधूनमधून दिसतो. डाव्या खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर आलेला, मनगटाला काळा दोरा, बोटांत कधी फडकं कधी विडी. तळवा जमिनीकडे करून हळूहळू खालीवर हलला की ‘दम धरा’. पालथा हात पुढे-पुढे ढकलायला लागला की ‘चला, काढा’. आणि एकदम आडवा होऊन थरथरला की ‘मरायचंय का?’ या हाताच्या मालकाचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही. नाव नाही, गाव नाही, वय असेल अठरा-वीस. कपड्याच्या दुकानात गेलो तर आपण रंग पक्का आहे का हे तीनदा विचारतो, आणि इथे मुलंबाळं मागे बसवून त्या एका हाताच्या शब्दावर आंधळ्या वळणात उजवीकडे गाडी घालतो. आजवर त्या हाताने मला फसवलेलं नाही. इंडिकेटरबद्दल असं म्हणता येणार नाही.

वळणावरचे ते गोल फुगीर आरसेही अशाच विश्वासाने बसवलेले आहेत. समोरून येणारी गाडी आधी दिसावी म्हणून. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात धूळ, आणि मधल्या काळात जो स्वच्छ असतो त्याच्यापुढे मोटरसायकलवरचा कोणीतरी केस विंचरत उभा असतो.

आता आत्यांकडे वळायला हवं, कारण घाट म्हटलं की आमच्या घरात पहिला विचार रस्त्याचा येत नाही, आत्यांच्या पोटाचा येतो. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, त्या हिशेबी आतेभावाची आई. त्यांना गाडी लागते. नुसती लागत नाही, त्या कामात त्यांनी नाव काढलंय. भाऊ जन्मभर ज्या घाटात गाडी चालवत होता, त्याच घाटात बहीण जन्मभर खिडकीबाहेर डोकं काढून होती. ‘घाट सुरू’ ही पाटी वाचूनच त्यांना मळमळतं. म्हणून आम्ही एकदा पाटी यायच्या आधी त्यांना गप्पांत गुंतवलं, तर त्या गप्पा मारता मारता म्हणाल्या, “पाटी गेली ना रे आत्ताच? तरीच!”

यामागचं कारण डॉक्टर असं सांगतात की कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र मेंदूला कळवतं की आपण गरागरा वळतोय, आणि गाडीतल्या सीटच्या पाठीकडे बघणारे डोळे कळवतात की सगळं जागच्या जागी आहे. या दोन साक्षी जुळेनाशा झाल्या की मेंदू गोंधळतो आणि पोटाला वेठीला धरतो. गाडी चालवणाऱ्याला मात्र सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण कुठे आहे ते त्याला आधीच माहीत असतं. यावर उपाय सरळ आहे, आत्यांना स्टिअरिंगवर बसवणं. पण त्याला मळमळीपेक्षा मोठे धोके आहेत.

त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री सासूबाई औषधांचा सरंजाम मांडतात. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू (चोखायला वेगळं, हुंगायला वेगळं), लवंग, डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि या सगळ्यांवर अविश्वास म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चळत. एकीत एक घातलेल्या, भोकं नाहीत ना ते फुंकून बघितलेल्या. गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आत्या ती घाटाच्या पायथ्याशी घेतात, ‘उगाच आधीपासून कशाला पोटात औषध’ म्हणून, आणि दहाव्या मिनिटाला ती परत करतात. मग मात्र त्यांचा चेहरा उजळतो. तोंडावर पाणी मारून त्या सीटवर नीट मांडी घालून बसतात आणि विचारतात, “हेळवाक कधी येणार?”

कारण हेळवाकला भजी मिळतात.

घाट आणि तळण यांचं नातं कोणी जुळवलं याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. माझा संशय रेल्वेवर आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर गेली, आणि तो चढ एका इंजिनाला झेपेना म्हणून कर्जतला थांबून गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडायची पद्धत पडली. इंजिनं जोडेपर्यंत प्रवाशांनी करायचं काय? तर वडा खायचा. कर्जतच्या वड्याने तिथून जे नाव काढलं ते आजतागायत आहे. तेव्हापासून चढायच्या आधी खा, चढल्यावर खा, उतरायच्या आधी खा असा महाराष्ट्राचा रिवाज होऊन बसला. वरंधा घाटात वाघजाईच्या देवळाजवळ तर भज्यांच्या टपऱ्या अशा जागी आहेत की एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हाताशी दरी. भजी तीच, कांदा तोच, तेल तर विचारूच नका. हेच भजं घरी केलं तर आपण ‘बेसन जास्त झालं’ म्हणू. पण ढग अंगावरून चाललेत, शर्टाला दमट वास आहे, इंजिन टकटक करत गार होतंय, आणि मागे एवढी वळणं जिवंत पार केली आहेत, अशा वेळी त्या भज्यात कुणी दोष काढत नाही. जिवावरचं संकट टळल्यावर माणसाला आधी देव आठवतो की भूक लागते, हे वाघजाईला बरोबर ठाऊक असणार. दोन्ही सोयी शेजारी शेजारी आहेत.

तिथली माकडंही हे ओळखून आहेत. पूर्वी ती झाडावर असत आणि माणसं त्यांच्याकडे बघत. आता ती कठड्यावर रांगेने बसतात आणि येणाऱ्या गाड्यांचा अंदाज घेतात. उघडी काच, लहान मूल, हातात वेफर्सचं पाकीट. हे तिन्ही योग जुळून आले की एक माकड उठतं. घाई नाही, आरडाओरडा नाही. टोल वसूल करायला आल्यासारखं येतं, पाकीट घेतं, जातं. मूल रडतं, आई ओरडते, बाप मोबाइलवर चित्रीकरण करत असतो.

टोलवरून आठवलं. घाटात पैसे मागायची पद्धत आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून कोकणातल्या बंदरांतला माल वर यायचा, आणि घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक भलामोठा रांजण अजून आहे. व्यापाऱ्यांनी जकात त्यात टाकायची, असं सांगतात. आज आपण काचेवर फास्टॅग चिकटवतो. मधल्या काळात फरक पडला तो एवढाच की रांजण भरला की दिसत असेल.

वाहतूककोंडीही काही आजची नाही. १६६१ साली मोगल सरदार कारतलबखान पुण्याकडून मोठी फौज, सामानसुमान आणि सोबत रायबागन ही सरदारीण घेऊन कोकणात उतरायला निघाला. वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी जंगल, आणि एवढं लटांबर. खोपोलीजवळ उंबरखिंडीत तो असा अडकला की पुढे सरकता येईना आणि मागे वळता येईना. शिवाजी महाराजांनी दोन्ही तोंडं बंद केलेली. शेवटी रायबागनच्या सांगण्यावरून खानाने शरणागती पत्करली आणि सगळं सामान तिथेच टाकून परत गेला. सह्याद्री कुठल्या बाजूने लढतो हे खानाला तिथे समजलं. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईला निघणाऱ्यांना ते अजून समजायचं आहे. ते दर रविवारी तेवढंच सामान, तेवढाच आत्मविश्वास आणि वर चिक्कीची खोकी घेऊन त्याच डोंगरात उतरतात. रायबागनसारखं वेळेवर ‘परत फिरू या’ म्हणणारं त्यांच्या गाडीतही कुणीतरी असतं. पण तिचं ऐकतो कोण?

बोरघाटात गाडीरस्ता झाला १८३० साली. त्या काळातला एक दगडी पूल पुढे एक्स्प्रेस-वेवर कमान होऊन उभा होता. डोकेदुखीच्या बामची जाहिरात त्याच्याजवळ होती म्हणून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणायला लागले. आणि योग असा की सगळ्या घाटातली कोंडी बरोब्बर त्याच ठिकाणी व्हायची. तासन् तास माणसं तिथे कपाळ धरून बसलेली असत. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो पूल सुरुंग लावून पाडला. डोकं अजून तिथेच दुखतं, आता नुसतं बामाशिवाय.

त्याच घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना तेव्हा एका धनगराने ती दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. ट्रकवाले तिथे न थांबता खिडकीतून नाणं टाकतात. अण्णाही टाकतात. मी एकदा विचारलं, “अण्णा, तुमचा विश्वास आहे यावर?” म्हणाले, “रस्ता दाखवणाऱ्याचे पैसे द्यावेत. इतरांनी बुडवले.”

घाटाचं खरं रूप पावसात. म्हणजे ते खरं रूप दिसतच नाही, कारण धुकं. आंबोलीत तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे माणसं दोन हातांवरून आवाजाने ओळखतात. कुंभार्लीत एका पावसाळ्यात एवढं दाट धुकं उतरलं की अण्णांना बॉनेटसुद्धा दिसेना. शेवटी कंडक्टर बॅटरी घेऊन खाली उतरला आणि पुढे पुढे चालायला लागला. मागून पहिल्या गिअरमध्ये एसटी. आतून एका म्हाताऱ्याने काच पुसून बघितलं आणि विचारलं, “हा चालत जाणारा कोण? तिकीट नाय काय काढलान त्याने?”

आता धुकं पडलं की गाड्या थांबतात आणि माणसं नाचतात. जून उजाडला की ताम्हिणीपासून माळशेजपर्यंत प्रत्येक धबधब्याखाली एक गाडी चारी दारं उघडी टाकून उभी असते. आतून गाणं, बाहेर धबधबा, मधे ओल्या बनियनमधले पुरुष. धबधबा म्हणजे दरडीच्या अंगावरून येणारं पाणी, आणि पाण्यामागून कधीतरी दगडही येतात, ही गोष्ट ‘दरडप्रवण क्षेत्र’ या पाटीवर लिहिलेली असते. पाटीवर शर्ट वाळत टाकलेला असतो. पाऊस मुरून जड झालेली माती आणि तिने धरलेला दगड हे आपला रस्ता आणि त्यावरचा आपला नाच लक्षात घेत नाहीत. परशुराम घाटात रस्ता रुंद करताना डोंगर इतका पोखरला की २०२२ च्या उन्हाळ्यात दरडीच्या कामासाठी रोज दुपारी तो काही तास बंदच ठेवायचे. दोन्हीकडे रांगा. रांगेत कोकम सरबतवाले, काजूवाले, जांभळाचे द्रोण घेऊन पोरी. घाट बंद असला तरी त्याचा बाजार कधी बंद नसतो.

गणपतीत मात्र ही सगळी गणितं बदलतात, कारण तेव्हा गाडीत मूर्ती असते. पेणहून घेतलेली, तोंडावर रुमाल, मागच्या सीटवर नवऱ्याच्या मांडीत. एरवी मी वळण जरा वेगात घेतलं की नवरा ‘हळू’ म्हणतो. मूर्ती मांडीवर असली की तो काहीच म्हणत नाही. दोन्ही हात गुंतलेले, कशाला धरता येत नाही, पायाला मुंग्या आलेल्या, बाजूला आत्या पिशवी उघडून तयार. कशेडीत त्याचा चेहरा बघितला तर मूर्तीतला गणपती जास्त निश्चिंत वाटतो. घाटात समोरच्या प्रत्येक गाडीतही कुणीतरी असंच आखडून बसलेलं दिसतं, आणि त्या दिवसांत तेवढ्यापुरता चढालाही मान मिळतो, उतारालाही मिळतो. काळ्या काचावालासुद्धा काच खाली करून ‘मोरया’ म्हणतो आणि थांबतो. दहा दिवस एरवीचा तो माणूस कुठे जातो आणि अकराव्या दिवशी परत कुठून येतो, ते कळत नाही.

बाई गाडी चालवतेय याचं नवल घाटात थोडं जास्तच होतं. शहरात आता कुणी बघत नाही. पण कुंभार्लीच्या टपरीवर मी किल्ली हलवत उतरले की चहा पिणारे ड्रायव्हर आधी माझ्याकडे, मग गाडीकडे, मग गाडीला कुठे पोचे आलेत का त्याकडे बघतात. अण्णांचे जुने सहकारी कुणी भेटले तर विचारतात, “घाटात सून चालवते? आणि तुम्ही गप बसता?” अण्णा बशीत चहा ओततात. “ती गिअरवर उतरवते,” म्हणतात. माझ्या एम.कॉम.चं त्यांनी एवढं कौतुक केलेलं नाही.

आणि आता बोगदे. कात्रजला झाला, खंबाटकीला झाला, कशेडीला झाला, आणि बोरघाटाचा फेरा टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव अशी जी ‘मिसिंग लिंक’ आखली तिच्यातही लांबच लांब बोगदे आहेत. मी बोगद्यांच्या बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते. रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, मागे झोपलेली मुलं घेऊन जो कशेडी उतरला आहे तो घाटाच्या सौंदर्याबद्दल कविता करणार नाही. पाऊण तासाचा वळसा जाऊन दहा मिनिटांवर काम आलं. वळण नाही, दरड नाही, माकड नाही. बोगद्यातून पहिल्यांदा गेलो तेव्हा अण्णा दिवे मोजत बसले होते. त्यांचा डावा पाय एकदाही हलला नाही. बाहेर पडल्यावर म्हणाले, “झाला? हे तर बैलसुद्धा बाहेर काढील.”

परवा पोलादपूर सोडल्यावर मात्र गाडीत मतदान घ्यायची वेळ आली. बोगदा की जुना घाट? सासूबाई बोगदा म्हणाल्या. पिशव्या त्यांनाच धुवाव्या, टाकाव्या लागतात. नवरा बोगदा म्हणाला. मुलांना माकडं हवी होती, पण त्यांना मत नाही. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मला काय, कुठूनही न्या,” याचा अर्थ घाट. मीही घाटच म्हणाले, जुन्या रस्त्यावर हल्ली गर्दी नसते म्हणून. दोन-दोन झाली. सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं, आणि बघता बघता नवरा सुटकेचा श्वास टाकून मोकळासुद्धा झाला, कारण या मताचा निकाल ठरलेला होता.

आत्यांनी लिंबू खाली ठेवलं.

“घाटातूनच घ्या,” त्या म्हणाल्या. “एकदा ओकून मोकळी झाले की भजी बरी जातात मला. त्या बोगद्यात काय मेलं खायला मिळतं?”

अण्णांचा डावा पाय हलला. मी दुसरा गिअर टाकला.